पाण्यात उकळताना ॲसिटॅनिलाइडचं तेल का झालं? आणि द्रवणांक ११४ ऐवजी १०६–१११ का येतोय?

स्फटिककण:

ॲनिलीन आणि ॲसेटिक अनहायड्राइडपासून ॲसिटॅनिलाइड केलं आहे. कच्चा माल साधारण ५ ग्रॅम, रंग फिकट तपकिरी. ६० मिली पाण्यात उकळून पुनर्स्फटिकीकरण केलं (गरम पाण्यात विरघळवून, थंड करून पुन्हा स्फटिक काढले). तापवताना ८५–९०°से.ला बीकरच्या तळाशी तपकिरी तेलाचे थेंब जमले. थंड झाल्यावर वर पांढऱ्या पापुद्र्यांसारखे स्फटिक आले आणि तळाशी तपकिरी गोळा राहिला. सगळं एकत्र गाळून तासभर फिल्टर पेपरवर ठेवलं आणि थिले ट्यूबमध्ये (बाजूला बाहू असलेली, तेल भरून तापवायची काचेची नळी) एमपी, म्हणजे द्रवणांक, घेतला: १०६ ते १११. पुस्तकात ११४ आहे.

शंका तीन आहेत. पाणी १००च्या वर जात नाही, मग ११४ला वितळणारा पदार्थ ९०ला कसा वितळला? मिठाने पाण्याचा उत्कलनांक वाढतो, मग अशुद्धीने द्रवणांक वाढायच्या ऐवजी कमी का होतो? आणि मालात फिल्टर पेपरचे तंतू दिसतात, त्यांनीही एमपी खाली येतो का?

उष्णगाळणी:

पहिल्या शंकेत बाकीच्या दोन्हींचं उत्तर दडलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तळाशी आलेलं तेल हे शुद्ध वितळलेलं ॲसिटॅनिलाइड नाही. ते पाणी मुरलेलं ॲसिटॅनिलाइड आहे. आपण नेहमी 'ॲसिटॅनिलाइड पाण्यात किती विरघळतं' एवढंच बघतो, पण पाणीही ॲसिटॅनिलाइडमध्ये विरघळतं. त्या तेलात वजनाने सुमारे ८७ टक्के ॲसिटॅनिलाइड आणि १३ टक्के पाणी असतं. १३ टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण रेणू मोजून बघा. १३ ग्रॅम पाणी म्हणजे ०.७२ मोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक), ८७ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड म्हणजे ०.६४ मोल. तेलात निम्म्याहून जास्त रेणू पाण्याचे आहेत! इतकी भेसळ झाल्यावर द्रवणांक ११४वरून ८३ला उतरतो. म्हणजे पाण्यात बुडालेलं ॲसिटॅनिलाइड ८३°से.लाच वितळतं. ८३च्या वर आणि वजनाने साधारण ५.२ टक्क्यांपेक्षा जास्त ॲसिटॅनिलाइड असलं की दोन थर पडणारच. तुमचं ६० मिलीत ५ ग्रॅम म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. तेल येणं ठरलेलं होतं.

त्या तेलाचा खरा तोटा रंगात दिसतो. ॲनिलीनच्या ऑक्सिडीकरणातून आलेला तपकिरी माल पाण्यापेक्षा तेलात जास्त रमतो. थंड होताना तेल तसंच्या तसं गोठतं आणि तो सगळा माल आत कोंडला जातो. स्फटिक हळूहळू वाढताना परका रेणू बाहेर ढकलतो, तेलाच्या गोळ्यात तसं होत नाही. म्हणून वरचे पापुद्रे पांढरे आणि खालचा गोळा तपकिरी.

आता हे करा. गोळा आणि स्फटिक एकत्र परत बीकरमध्ये घ्या, १२० मिली पाणी घाला आणि उकळा. १००°से.ला १०० मिलीत साधारण ५.५ ग्रॅम मावतं, २०°से.ला जेमतेम अर्धा ग्रॅम. तेलाचा एकही थेंब उरला तर उकळतं पाणी ५–५ मिली करून घाला, ढवळा, थेंब गेला की थांबा. तेलाचा थेंब न विरघळणारी घाण समजून गाळून टाकू नका, तो तुमचाच माल आहे. रंग उरला तर बर्नर बाजूला करून उकळी बसू द्या आणि मग चिमूटभर (मालाच्या १–२ टक्के) कोळशाची पूड घाला. उकळत्या द्रावणात कोळसा टाकला तर ते उसळून बाहेर येतं. नंतर पुन्हा ३–४ मिनिटं उकळा आणि आखूड दांड्याचं, आधी गरम पाण्याने तापवलेलं फनेल आणि घड्या घातलेला फिल्टर पेपर वापरून गरमच गाळा. दांडा लांब असेल तर स्फटिक दांड्यातच जमून वाट बंद होते. थंड न हलवता होऊ द्या, बर्फात शेवटी ठेवा. बुकनरवर (हवा ओढून गाळायच्या सपाट तळाच्या फनेलवर) गाळून ५–५ मिली बर्फगार पाण्याने दोनदा धुवा. १२० मिलीत ०.६ ग्रॅम तरी राहणारच, त्या घटीचं वाईट वाटून घेऊ नका.

थिलेनळी:

वरचं अगदी बरोबर. १०६–१११मागे मला मुख्य संशय ओलाव्याचा वाटतो. फिल्टर पेपरवर एक तास हे फार कमी आहे. दोन कोरड्या फिल्टर पेपरांमध्ये घट्ट दाबा, पेपर ओला होईनासा होईपर्यंत बदलत राहा, मग रात्रभर कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) ठेवा. घाई असेल तर ओव्हन ६०–७०°से.ला. अनेकजण 'एमपी ११४ आहे ना' म्हणून ओव्हन १००ला लावतात आणि वॉचग्लासवर चिकट थर मिळतो. कारण तेच: ओल्या मालाचा द्रवणांक ८३. वजन दोनदा केल्यावर सारखं आलं म्हणजे सुकलं.

थोडं पाणी इतका फरक कसा पाडतं, तेही बघा. १०० ग्रॅम ॲसिटॅनिलाइड म्हणजे ०.७४ मोल. त्यात १ ग्रॅम पाणी म्हणजे ०.०५६ मोल, म्हणजे दर शंभर रेणूंमागे सात पाण्याचे. त्याऐवजी १५४ रेणुभाराची बायफिनाइलसारखी अशुद्धी १ ग्रॅम असेल तर शंभरात एकही नाही. द्रवणांक किती उतरणार हे अशुद्धीच्या रेणूंच्या संख्येवर ठरतं, वजनावर नाही. लहान रेणूचा द्रावक मालात राहून जाणं म्हणून सर्वांत महागात पडतं.

मोजण्याची पद्धतही तपासून घ्या. कॅपिलरीत (माल भरायच्या केसासारख्या बारीक काचेच्या नळीत) माल २–३ मिमी उंचीइतकाच हवा. जास्त भरला तर खालचा भाग वितळतो तेव्हा वरचा अजून थंड असतो आणि रेंज (वितळणं सुरू होतं आणि संपतं त्या तापमानांमधलं अंतर) खोटीच रुंद येते. माल वॉचग्लासवर बारीक करा, कॅपिलरी सुमारे ६० सेंमी लांबीच्या काचेच्या नळीतून टेबलावर चार-पाच वेळा सोडा, माल घट्ट बसतो. कॅपिलरीचा माल थर्मामीटरच्या फुग्याच्या मध्याला टेकलेला हवा. कॅपिलरी थर्मामीटरला बांधणारं रबराचं कडं नळीतल्या पॅराफिन तेलाच्या पातळीच्या बरंच वर ठेवा, तापल्यावर तेल फुगून वर येतं आणि रबर मऊ पडून कॅपिलरी सुटते. ज्योत थिलेच्या बाहूला द्या. ९५पर्यंत भराभर चालेल, पुढे मिनिटाला एक-दोन अंशच. वेगाने तापवलं की पारा आणि माल यांच्यात अंतर पडतं.

माल आक्रसला, काचेपासून सुटला, ओलसर दिसला, ते टिपून ठेवा पण सुरुवात म्हणून धरू नका. पहिला स्वच्छ थेंब दिसला ती सुरुवात, शेवटचा स्फटिक नाहीसा झाला तो शेवट.

आणि थर्मामीटर. ठेचलेल्या बर्फात शून्य येतो का बघा. उकळत्या पाण्यात १००ची अपेक्षा मात्र गाव बघून करा. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी धरा. पुण्यात पाणी ९८च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या, मुंबईत १००ला. पुण्यात ९८ दाखवणारा थर्मामीटर चांगला आहे, त्याला 'दोन अंश कमी दाखवतो' म्हणून दुरुस्ती लावू नका. शिवाय पाऱ्याचा जो दोरा तेलाबाहेर राहतो तो थंड असतो, त्याची भर धरावी लागते: ०.०००१६ × बाहेरचे अंश × (वाचन − बाहेरच्या दोऱ्याचं तापमान). वाचन ११२, बाहेर ८० अंश, हवा ३५°से. असेल तर जवळजवळ पूर्ण १ अंश. म्हणजे ११२ वाचलं तर खरं ११३.

मोलअंश:

दुसरी शंका राहिली, ती घेतो.

शुद्ध पदार्थ त्याच्या द्रवणांकाला असतो तेव्हा स्फटिकावरून जितके रेणू सुटून द्रवात जातात तितकेच द्रवातून परत स्फटिकावर बसतात. आता द्रवात परका पदार्थ विरघळवा. स्फटिक अजून शुद्धच आहे, म्हणून सुटणाऱ्यांचा वेग तोच. द्रवात मात्र दर शंभरातले काही रेणू परके, ते त्या स्फटिकात बसत नाहीत, म्हणून परत येणाऱ्यांची संख्या घटते. तोल गेला, स्फटिक वितळत सुटलं. तोल परत आणायचा तर सुटणाऱ्यांचा वेग कमी करायला हवा, म्हणजे तापमान खाली आणायला हवं. तेच नवं, उतरलेलं द्रवणांक.

उत्कलनांकही त्याच कारणाने वाढतो. परका पदार्थ मिसळल्याने द्रव जास्त टिकाऊ होतो. त्याचं राज्य दोन्ही बाजूंनी पसरतं: खाली घनाच्या हद्दीत आणि वर वायूच्या हद्दीत. म्हणून गोठणांक खाली, उत्कलनांक वर.

आकडा हवा असेल तर नॅफ्थलीन घ्या. द्रवणांक ८०.२, स्थिरांक ६.९ (१ किलोत १ मोल विरघळलं तर ६.९ अंश उतार). ९९० ग्रॅम नॅफ्थलीनमध्ये १० ग्रॅम बायफिनाइल, म्हणजे ०.०६५ मोल, उतार जेमतेम ०.४५ अंश. पाण्याचा स्थिरांक १.८६. कापराचा ३७–४०! म्हणूनच रास्टच्या पद्धतीत अज्ञात पदार्थाचा रेणुभार कापरात विरघळवून काढतात, साधा थर्मामीटरही पुरतो.

शेवटचा स्फटिक फक्त अर्धा अंश लवकर जातो, मग रेंज पाच अंशांची का होते? कारण सुरुवात फार खालून होते. आधी वितळणाऱ्या थोड्याशा द्रवात सगळी अशुद्धी एकवटलेली असते. जसजसा मुख्य पदार्थ वितळून त्यात मिसळतो तसतसा द्रव शुद्ध होत जातो आणि द्रवणांक वर चढत जातो. म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी रेंजचा शेवट ताडून बघा, आणि रुंदीवरून शुद्धता जोखा. स्वच्छ, कोरड्या मालाची रेंज एक-दीड अंशात बसते.

वाळूचाकण:

तिसरी शंका महत्त्वाची आहे आणि तिथे बऱ्याच वह्यांमध्ये चूक लिहिलेली असते: 'कोणतीही अशुद्धी द्रवणांक कमी करते.' तसं नाही. वितळलेल्या पदार्थात विरघळणारी अशुद्धीच द्रवणांक कमी करते.

फिल्टर पेपरचे तंतू, वाळू, काचेचा चुरा, कोळशाची पूड वितळलेल्या ॲसिटॅनिलाइडमध्ये विरघळत नाहीत. द्रवातले रेणू पातळ होत नाहीत, तोल बिघडत नाही, एमपी ११४च राहतो. त्यांच्यामुळे वितळल्यावरही कॅपिलरीत धूसरपणा किंवा काळे ठिपके राहतात, एवढंच. ही खूण उपयोगाची आहे. रेंज अरुंद, शेवट बरोबर पण द्रव गढूळ, तर न विरघळणारी घाण आहे आणि गरम गाळणीने जाईल. द्रव स्वच्छ पण रेंज रुंद, तर विरघळणारी अशुद्धी आहे आणि पुन्हा पुनर्स्फटिकीकरण लागेल.

अपवाद उलट बाजूलाही आहे. परका अणू द्रवाबरोबर स्फटिकातही सहज बसत असेल तर द्रवणांक वाढूही शकतो. तांबं १०८५°से.ला वितळतं, निकेल १४५५ला. तांब्यात निकेल मिसळलं की मिश्रण तांब्यापेक्षा वर वितळतं, कारण दोघांचे अणू एकाच जाळीत एकमेकांच्या जागी बसतात. सेंद्रिय पदार्थांत रेणूंचे आकार इतके वेगवेगळे असतात की असं क्वचित घडतं.

स्फटिककण:

खूप आभार. माल १२० मिलीत परत घेतला, तेल आलं नाही. डेसिकेटरमध्ये ठेवला आहे.

आणखी दोन गोष्टी विचारतो. रेंज अरुंद आली म्हणजे शुद्धता सिद्ध झाली का? आणि बर्फावर मीठ टाकलं की बर्फ वितळतो. तिथे मीठ ८०१ला वितळणारं आणि तापमान शून्याखाली, मग नक्की कोण कोणाला वितळवतंय?

थिलेनळी:

अरुंद रेंज ही शुद्धतेची खूण, पण पुरावा नाही. दोन पदार्थ एका ठरावीक प्रमाणात असले की मिश्रण सर्वांत खालच्या तापमानाला, एकदम, शुद्ध पदार्थासारखं वितळतं. त्याला युटेक्टिक म्हणतात. रोजच्या हातातलं उदाहरण सोल्डर. कथील २३२ला, शिसं ३२७ला, पण ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० घेतलं तर १८३ला सुरुवात, पूर्ण पातळ व्हायला साधारण १९०. मधल्या सात अंशांत ते लगद्यासारखं असतं. त्या वेळी वायर हलली तर जोड निस्तेज, खरखरीत होतो आणि नंतर सुटतो. म्हणून बारीक कामाला ६३/३७.

तुमच्या मालासाठी खरी चाचणी मिश्र द्रवणांकाची. तीन कॅपिलऱ्या एकाच थर्मामीटरला बांधा: तुमचा माल, बाटलीतलं शुद्ध ॲसिटॅनिलाइड, आणि दोन्ही निम्मे-निम्मे वॉचग्लासवर नीट खलून. तिन्ही एकाच वेळी वितळले तर पदार्थ तोच. मिश्रण खाली गेलं तर वेगळा. युरिया आणि सिनॅमिक ॲसिड दोन्ही १३३च्या आसपास वितळतात, नुसत्या एमपीवरून वेगळे ओळखता येणार नाहीत. दोन्ही खलून घेतलेलं मिश्रण मात्र बरंच खाली आणि लांबलचक रेंजमध्ये वितळतं. इथे अशुद्धी मुद्दाम घालून पदार्थ ओळखला जातो. युटेक्टिकचा संशय असेल तर त्यातला एक घटक चिमूटभर जास्त घाला. रेंज लगेच रुंद होऊन शेवट वर सरकेल.

मोलअंश:

बर्फ-मिठात वितळतो बर्फ, विरघळतं मीठ. मीठ वितळत नाहीच. बर्फाच्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या पातळ थरात मीठ विरघळतं, ते पाणी पातळ झाल्याने परत गोठणं मंदावतं, बर्फ सुटत राहतो. वितळायला ग्रॅममागे ३३४ जूल लागतात, ते बाहेरून मिळाले नाहीत तर मिश्रण स्वतःची उष्णता देतं आणि गार होत जातं. −२१.१°से.ला, २३.३ टक्के मीठ झालं की थांबतं. तिथे उरलेला बर्फ, उरलेलं मीठ (आता पाण्याचे दोन रेणू धरून बसलेलं) आणि द्रावण तिन्ही एकत्र नांदतात.

पॉटच्या आइस्क्रीमला किंवा कुल्फीच्या मटक्यात बर्फ-मीठ भरताना म्हणूनच वजनाने तीन भाग ठेचलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ. मीठ त्याहून वाढवलं तर तळाशी पडून राहतं, गारवा वाढत नाही. बर्फाचे मोठे खडे घेतले तर पृष्ठभाग कमी, −८ किंवा −१०च्या पुढे जाणं अवघड. बर्फ चांगला ठेचा, थर घालताना मीठ मधून मधून पेरा आणि खाली साचलेलं पाणी लगेच ओतून टाकू नका. ते खारं पाणीच भांड्याला सगळीकडून चिकटतं आणि उष्णता ओढून घेतं, खड्यांच्या मधली हवा ते करू शकत नाही. −२१ पुरत नसेल तर कॅल्शियम क्लोराइड, ते −५०च्या आसपास नेतं.

उष्णगाळणी:

यावरून एक धागा पुढे नेतो, कारण तो तुमच्या द्रावक निवडण्याच्या कामाचा आहे. विरघळणं आणि उतरलेल्या द्रवणांकाला वितळणं या एकाच रेषेच्या दोन बाजू आहेत. बेंझीनमध्ये नॅफ्थलीन २५°से.ला किती विरघळतं, हे नॅफ्थलीनचा द्रवणांक २५पर्यंत उतरवायला बेंझीनचे किती रेणू मिसळावे लागतील असंही विचारता येतं. नॅफ्थलीनची द्रवण-उष्णता १९ किलोजूल प्रति मोल आणि द्रवणांक ८०.२, एवढ्यावरून गणित ०.३० मोल-अंश (म्हणजे दर शंभर रेणूंत तीस नॅफ्थलीनचे) देतं. प्रत्यक्षातही बेंझीनमध्ये तितकंच विरघळतं, कारण दोन्ही रेणू स्वभावाने जवळचे आहेत.

मग साहजिकच ज्याचा द्रवणांक उंच त्याला खाली आणायला जास्त द्रावक लागतो. अँथ्रासीन आणि फिनँथ्रीन, दोघांचं रेणुसूत्र C१४H१०. फिनँथ्रीन १००ला वितळतं आणि २५°से.ला बेंझीनमध्ये २०.७ मोल टक्के विरघळतं. अँथ्रासीन २१७ला वितळतं आणि ०.८ टक्क्यावर अडतं. वजन एकच, कार्बनची कडी फक्त वेगळी वळलेली.

द्रावक निवडताना नेहमी सांगितलं जातं की त्याचा उत्कलनांक पदार्थाच्या द्रवणांकापेक्षा निदान १० अंश खाली हवा. पाणी १००, ॲसिटॅनिलाइड ११४, म्हणजे नियमात बसतं, तरी तुमच्याकडे तेल झालं. कारण बघायचा आकडा ११४ नव्हता, पाणी मुरल्यावरचा ८३ होता. असं तेल कधीही आलं तर आधी द्रावक वाढवा. त्याने भागलं नाही तर पाण्यात थोडा अल्कोहोल घाला, म्हणजे तेलाचा थर द्रावणात सामावतो, आणि मग ८०च्या खाली अगदी सावकाश थंड करत एक शुद्ध स्फटिक बी म्हणून सोडा. अल्कोहोल जास्त झाला तर गारव्यातही माल द्रावणातच बसून राहतो, म्हणून ५ मिलीपासून सुरुवात करा. अल्कोहोल असताना उघडी ज्योत नको, वॉटरबाथ वापरा.